बिऱ्हाड हलवणारे काका

“नवं घर मांडाचं, का बिऱ्हाड हालवाचं?”

कोणाचाही कम्प्युटर समोर आला की डिस्कवाल्या काकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. विचारताना ते उजवा तळहात सीपीयूच्या डब्यावर ठेवत, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मान जराशी तिरपी करून उत्तराची वाट बघत. उत्तर मिळेपर्यंत हात उचलत नसत. लोक वैतागायचे. “काका, मशीन स्लो झाली, तेवढं पाहा ना,” म्हणायचे. त्यावर काका म्हणत, “थे तं पाहतोच. पन घर तुमचं हाय. मी कोन ठरवनार?”

नवं घर म्हणजे नवी डिस्क बसवायची, तिच्यावर विंडोज कोरी करकरीत टाकायची आणि सगळा संसार पहिल्यापासून मांडायचा. बिऱ्हाड हलवायचं म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं, विंडोजसकट, जिथल्या तिथे उचलून नव्या डिस्कवर न्यायचं. ही नवी डिस्क म्हणजे एसएसडी. दिसायला पत्त्यांच्या कॅटएवढी चपटी पेटी. आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, आणि वेग असा की जुन्या माणसाला खोटा वाटावा.

तुमच्याही तालुक्याला असा एखादा माणूस असेल, ज्याचं दुकान कुठे नाही पण ज्याचा नंबर सगळ्यांकडे आहे. आमचे काका आर्णीजवळच्या एका बंजारा तांड्यावर राहायचे. पंचावन्नच्या आसपास वय, अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि मोटरसायकलच्या हँडलला एक रेक्झिनची पिशवी. शिक्षण दहावीपर्यंतचं. पूर्वी ते एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते. तिथल्या वजनकाट्याच्या कम्प्युटरमध्ये दर हंगामात रुई जाऊन बसायची आणि काटा बंद पडायचा. यवतमाळहून इंजिनिअर येईपर्यंत कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या. इंजिनिअर आला की हे त्याच्या शेजारी टॉर्च धरून उभे राहत. तिसऱ्या हंगामात त्यांनी इंजिनिअरला फोन करून सांगितलं, “साहेब, नका येऊ. झालं.”

एकदा माझ्याच दुकानात बसलेल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना म्हटलं होतं, “काका, तुमचे पूर्वज बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे. हलवणं तुमच्या रक्तातच आहे!”

काका पेचकसाने स्क्रू फिरवत राहिले. “माह्या बापानं तीन एकर सोडून कुठंच पाय नाई ठेवला,” म्हणाले. “अन् मले तं बस लागते.”

माझं दुकान म्हणजे आर्णीच्या बसस्टँडसमोरची एक खोली. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं असं टाइप करून, जुळवून छापायला पाठवायचं, हे काम मी सोळा वर्षं करते आहे. माझं सगळं एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर चालतं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. सीडी हरवली. म्हणजे ते माझ्या मशीनमध्ये होतं तोवर होतं. मशीन गेलं की सोळा वर्षांचं काम उघडणारी किल्लीच गेली.

त्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर मशीन रडायला लागलं. बटण दाबल्यापासून चालू व्हायला अकरा मिनिटं लागायची. तेवढ्यात माझा झाडू मारून व्हायचा, देवाला उदबत्ती व्हायची, चहा व्हायचा. मग आतून टकटक असा आवाज यायला लागला. यवतमाळला एका मोठ्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या माणसाने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकू, संध्याकाळी घेऊन जा,” म्हणाला. मी डबा तसाच उचलला आणि परतीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी हात ठेवला, प्रश्न विचारला. मी म्हटलं, “बिऱ्हाड. एक चमचासुद्धा इकडचा तिकडे नको.”

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी लांब पेचकस काढला, त्याचं टोक आतल्या डिस्कवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. डोळे मिटले.

“थकली बिचारी,” ते म्हणाले. “चार-पाच दिवसाची पाहुनी हाय. आता तिच्यावर काई लिवू नका. निस्तं वाचून घेऊ.”

त्यांनी एक मोठी बाहेरची डिस्क आणली होती. आधी सगळं तिच्यावर उतरवायचं आणि मग निवांतपणे एसएसडीवर न्यायचं, असा बेत. पेनड्राइव्हवरून त्यांनी एक काळ्या पडद्याचा प्रोग्राम चालू केला. पांढरे आकडे धावायला लागले. मी विचारलं, “हे काय करतंय?” या प्रश्नाची जणू ते वाटच बघत होते. एका पत्रिकेच्या प्रुफाच्या पाठीवर त्यांनी चौकोन काढले, काही चौकोन पेनाने काळे केले.

“हे खराब जागा. साधा प्रोग्राम इथं आला की अडून बसते. हा प्रोग्राम काय करते, अडलं की सोडून देते, पुढं जाते. चांगलं चांगलं आधी उचलते. मंग मांगून परत येते अन् अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा इचारते, देतं का, देतं का.”

“आणि नाहीच दिलं तर?”

“तं ते आपलं नव्हतं.” मग माझा चेहरा पाहून घाईने म्हणाले, “देते ताई. बहुतेक देते.”

दुपारी त्रेसष्ट टक्क्यांवर आकडे थांबले. तासभर हलले नाहीत. डिस्क तापली होती. काकांनी टेबलफॅन तिच्याकडे वळवला आणि आम्ही दोघं घामात बसलो. समोर बारा पत्रिकांची कामं पडली होती, त्यातल्या तीन लग्नांना आठवडाही उरला नव्हता. काका मात्र शांतपणे विचारत होते, हे अक्षर कोणतं, वेलबुट्टी कुठून आणता, नवरीचं नाव नवरदेवाच्या आधी का नाही टाकत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आकडे परत धावायला लागले तेव्हा मी त्यांना र्‍हस्व-दीर्घ समजावत होते, आणि आकडे हलल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला उतरवणं संपलं. काही थोडं हातचं गेलं होतं, पण सॉफ्टवेअरची जागा शाबूत होती. आता नवी अडचण. जुनी डिस्क मोठी होती आणि एसएसडी तिच्या निम्म्याहून लहान. सामान कमी केल्याशिवाय ते बसणार नव्हतं.

“काय काढाचं ते तुमी सांगा,” काका म्हणाले.

“तुम्हीच काढा ना काही तरी मोठं मोठं.”

“मी हात नाई लावत. कपाट दुसऱ्याचं असलं की इचारा लागते.”

म्हणून आम्ही शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलो. मी एकेक फोल्डर वाचायची आणि ते थांबायचे. जुनी निवडणूक, काढा. बंद पडलेल्या शाळेचा अहवाल, बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मग ‘रद्द’ नावाचं फोल्डर आलं. टाइप झाल्या, प्रुफं गेली, आणि मग लग्नच मोडलं अशा पत्रिका मी त्यात टाकायची. कशासाठी ठेवल्या, मलाही सांगता येणार नाही.

“हे सगळं काढून टाका,” मी म्हटलं.

काका यादीतल्या एका ओळीकडे पाहत होते. मी फायलींना नवरीचं नाव आणि गावाचं नाव देते. ती ओळ त्यांच्या तांड्याची होती.

“ही माही पोरगी,” ते म्हणाले.

ती पत्रिका सात-आठ वर्षांपूर्वीची. टाइप करून घ्यायला कोणी दुसराच नातेवाईक आला होता, काकांना मी तेव्हा ओळखतही नव्हते. मी पटकन म्हटलं, “काढते मी ही आधी.”

“कायले?” ते एकदम जोरात म्हणाले. माउसवरचा माझा हात तिथेच थांबला. “तिले इचारलं का तुमी?”

त्यांनी मोबाइल काढला आणि मुलीला फोन लावला. ती नागपूरला एका दवाखान्यात नर्स होती. दोघं त्यांच्या गोरबोलीत बोलले. मला त्यातलं ‘बापू’ आणि ‘कम्प्युटर’ एवढंच कळलं. मग पलीकडून हसल्याचा आवाज आला.

“ठेवा म्हनते,” त्यांनी फोन खिशात टाकत सांगितलं. “म्हनते, अक्षर चांगलं असन तं फोटो पाठवा.”

मी पत्रिका उघडली, त्यांनी पडद्याचा फोटो काढला. फोटो काढताना त्यांनी पत्रिका वाचली नाही. मी मात्र त्यांच्याकडे पाहत होते. हे लग्न कोणी मोडलं, का मोडलं, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

शेवटी एसएसडी बसवली. काकांनी बटण दाबलं. काळा पडदा. डावीकडे एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली, बस्स. मी खुर्चीत खाली सरकले.

काका मात्र कुतूहलाने पडद्याजवळ गेले, नाक लागेल इतके. मग कपाळावर हात मारला. “उंबरठाच राह्यला मांगं!”

डिस्कच्या सुरुवातीला एक अगदी छोटा भाग असतो. मशीन चालू झालं की पहिल्यांदा तिथे पाय ठेवतं आणि मग आत जातं. सगळं घर आलं होतं आणि तेवढा भाग उचलायचा राहून गेला होता. त्यांनी तो आणला. पुन्हा बटण दाबलं. मी उठून झाडू घेतला, सवयीने. दाराशी पोहोचायच्या आत मागून मशीन चालू झाल्याची ओळखीची धून ऐकू आली.

“ताई, झालं,” काका म्हणाले. “आता झाडू कधी माराचा ते पाहा तुमी.”

पण मराठी सॉफ्टवेअर उघडायचं होतं. त्याची किल्ली जुन्या डिस्कच्या नंबरला बांधलेली असेल तर ते उघडणार नाही, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी क्लिक केलं. एक क्षण काहीच नाही. मग तो निळा चौकोन, मग माझी अक्षरं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतरही त्यांचं काम संपलं नव्हतं. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, “सांगा, बिलबुकाचं फोल्डर कुठं होतं? उजव्या हाताले काय होतं?” मी सांगत गेले, ते पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहत गेले. हे ते प्रत्येकाकडे करत. घरच्या माणसाने ओळखलं तरच घर हललं, असं त्यांचं म्हणणं.

जाताना त्यांनी एसएसडीच्या पेटीला कान लावला आणि हसले. “इले ऐकता येत नाई, ताई. हार्डडिस्क मराच्या आधी टकटक तरी करते. ही काईच सांगत नाई. म्हनून दर महिन्याले दुसरीकडं उतरवून ठेवत जा.”

मी त्यांना पुष्कळ कामं मिळवून दिली. एक मात्र फुकट गेलं. नेरला माझे मामा आहेत, निवृत्त मास्तर. त्यांचा लॅपटॉप चालू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायचा. मी काकांना घेऊन गेले. काकांनी हात ठेवला, प्रश्न विचारला. मामा म्हणाले, “तसा त्रास काही नाही हो. बटण दाबतो आणि पूजेला बसतो. पूजा होते तोवर हाही तयार होतो.”

“अन् लवकर चालू झाला तं?”

मामांनी विचार केला. “तर मग माझी पूजा घाईत होईल.”

काकांनी पंखा साफ केला, तेल दिलं आणि लॅपटॉप परत दिला. परतीच्या रस्त्यावर मी चिडले होते. एवढ्या लांब येऊन काहीच न करता जायचं? काका म्हणाले, “केलं ना. इचारलं.”

पुढल्या वर्षी, आठवडी बाजाराच्या एका दिवशी, काका पिशवी न घेता आले. खुर्चीवर बसले. बराच वेळ आजूबाजूला बघून म्हणाले, “ताई, मले मराठी टाइप कराले शिकवता का?”

मला वाटलं गंमत करताहेत. मग लक्षात आलं, या माणसाने शेकडो लोकांच्या फायली इकडून तिकडे नेल्या, पण स्वतःची अशी एक फाईल कधी केली नव्हती. मोबाइलवरही ते बोलायचे, फोटो काढायचे, पण लिहीत कधी नसत.

“काय लिहायचं आहे?”

“पोरीले एक पत्र. हातानं लिवलं तं तिले वाचता येत नाई. माह्यं अक्षर लई खराब हाय.”

पाच बाजारांना ते आले. तेव्हा मला त्या लग्नाची गोष्ट कळली. एका बोटाने अक्षरं शोधत, अधूनमधून थांबत ते सांगायचे. मुलाकडच्यांनी पत्रिका टाइपला दिल्यावर निरोप पाठवला होता की लग्नानंतर नर्सिंगचं शिक्षण बंद करावं लागेल. काकांनी त्याच दिवशी जाऊन लग्न मोडलं. तांड्यावर पुष्कळ बोलणी खाल्ली. मुलगी शिकली, नोकरीला लागली. सगळे म्हणाले, बरं केलं.

“बरं तं केलं,” काका म्हणाले. “पन लग्न ठरोलं तवा तिले इचारलं नाई, अन् मोडलं तवा बी नाई. तिले तो पोरगा पसंत होता का? मले अजून माहीत नाई, ताई.”

“मग आता विचारा की. फोन आहे.”

“फोनवर तोंडातून निंघत नाई.” आणि ते पुन्हा ‘च’ शोधायला लागले.

पाच बाजारांत चार ओळी झाल्या. मी मदत करू का म्हटलं की हात आडवा धरायचे. एकदा मी त्यांच्या नकळत एक वेलांटी नीट केली, तर त्यांना लगेच कळलं, आणि त्यांनी ती पुन्हा होती तशी केली.

सहाव्या बाजाराला ते आले नाहीत. त्या आठवड्यात छातीत दुखलं म्हणून त्यांना यवतमाळला नेलं होतं. तिथून ते परत आले नाहीत. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही एका शाळेच्या कारकुनाकडून, जो कम्प्युटर बंद पडला म्हणून त्यांचा नंबर लावत होता.

महिनाभराने त्यांची मुलगी दुकानात आली. वडिलांसारखीच तिरपी मान. नागपूरला परत जायला निघाली होती, यवतमाळच्या एसटीला थोडा वेळ होता. “बापू तुमच्याकडे येत होते म्हणे,” म्हणाली. “काय काम होतं?”

मी फाईल उघडली आणि बाजूला झाले.

ती उभ्यानेच वाचत होती. ‘पोरी, मी तुले दोनदा इचारलं नाही,’ अशी सुरुवात होती. चौथ्या ओळीत, ‘तुले तो मुलगा’ इथवर येऊन पत्र थांबलं होतं. तिने पहिल्यांदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली, ती बसली नाही.

“आठ वर्षं हे घेऊन बसले होते?” तिने विचारलं.

“तू तरी सांगायचंस ना,” मी म्हटलं. “आवडला होता का तो?”

“नव्हता हो ताई!” ती म्हणाली आणि तिच्या तोंडून हसू आणि रडू एकदमच बाहेर पडलं. “मला तो अजिबात पसंत नव्हता. बापूंनी मोडलं त्या दिवशी मी घरामागे जाऊन नारळ फोडला होता. एकटीने खाल्लासुद्धा.”

“मग सांगितलं का नाहीस त्यांना?”

“मला वाटलं, त्यांना माहीतच आहे.”

समोर यवतमाळची एसटी लागली. कंडक्टरने दोनदा आवाज दिला. तिने मान वळवून गाडीकडे पाहिलं, मग मी ओढलेल्या खुर्चीवर बसली आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला. एसटी निघाली, स्टँडच्या फाटकातून वळली, आणि तिची धूळ आमच्या दारापर्यंत आली. ती अजून त्या चौथ्या ओळीवर होती.